पाच बाय पाच

पैज लागली ती रतिलाल नानाच्या ओट्यावर, सकाळी साडेसातला, हातात चहाचे कप असताना, आणि विषय इतका फालतू की दुसऱ्या कुठल्या कॉलनीत लोकांनी ऐकून सोडून दिला असता. रतिलाल नाना आमच्या समोरच्या घरात राहतो. एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला, पांढऱ्या मिशीची टोकं वर वळवलेला माणूस. त्याच्या सावद्याच्या मेहुण्याची, ज्ञानेश्वरभाऊची, केळीची बाग आहे, आणि रविवारी आम्ही कॉलनीतली चार घरं तिथं भरीत पार्टीला जाणार होतो. नाना म्हणाला, "पोरांना आत सोडू नका. केळीच्या बागेत माणूस हरवतो." मी म्हणालो, "नाना, माणूस जंगलात हरवतो, जत्रेत हरवतो. शेतात बैलसुद्धा हरवत नाही." "तू हरवशील, निंबा." "मी?" "तू पिकून पिवळा होशील, पण बाहेर येणार नाहीस." झालं. विहिरीकडून आत शिरायचं, मोबाइल न घेता, कोणाला न विचारता पलीकडच्या डांबरी रस्त्याला निघायचं, आणि रस्त्यारस्त्यानं वळसा मारून पंगत बसायच्या आत विहिरीवर हजर व्हायचं. मी आलो तर नानानं मिशी काढायची. नाही आलो तर पुढच्या पाण्याच्या दिवशी, म्हणजे सगळी कॉलनी बादल्या घेऊन बाहेर असताना, मी चौकात कान धरून दहा उठाबशा काढायच्या. नानाला माझ्यावर जुना राग होता. माझं फ्लेक्स बोर्डाचं दुकान आहे. त्याच्या साठाव्या वाढदिवसाला मी 'भावी नगरसेवक' म्हणून त्याचा दहा फुटी बोर्ड चौकात लावला होता, आणि महिनाभर लोक त्याच्याकडे गटारीच्या तक्रारी घेऊन येत होते. माझी बायको कोकिळा आमच्या दारात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. नाना तिला म्हणाला, "वहिनी, साक्षीला रहा." ती म्हणाली, "मी कशाला? ते हरवले काय न् सापडले काय, सारखंच."

हे वाक्य मला तेव्हा लागलं नाही. लागलं ते चार दिवसांनी, भर दुपारी, बाराच्या पुढं कधीतरी, दोन्ही हाताला चिकाचे काळे डाग पडलेले असताना आणि समोर, मागे, डाव्या, उजव्या हाताला एकसारखी एक केळ उभी असताना. केळी पाच बाय पाचवर लावतात. पाच फूट इकडे, पाच फूट तिकडे. ऐकायला किती सोपं. सरळ बघितलं तर ओळ दिसते, आडवं बघितलं तर ओळ दिसते, आणि तिरपं बघितलं तरी, च्यायला, ओळच दिसते. ज्या बाजूला तोंड कराल त्या बाजूला रस्ता असल्यासारखं वाटतं. जंगलात निदान झाड वाकडं असतं, एखादा दगड असतो, ओळख सांगणारं काहीतरी असतं. इथं सगळी झाडं एका वयाची, एका उंचीची, प्रत्येकाच्या गळ्यात एकच घड, प्रत्येक घडाला एकच निळी पिशवी. हजार माणसं एकाच कपड्याच्या ताग्यातले शर्ट शिवून उभी आहेत आणि त्यातल्या कोणाला तरी तुम्ही पत्ता विचारताय.

मी मूर्ख नाही. खूण करत गेलो होतो. दर दहा झाडांना एक पान मधोमध फाडायचं, परत यायची वेळ आली तर फाटक्या पानांवरून यायचं. विहिरीवर सगळ्यांसमोर शिरलो तेव्हा पहिलं पान अगदी ऐटीत फाडलं. डिंपल, नानाची सून, मोबाइलवर शूटिंग करत होती. तिला हात केला. अर्ध्या तासानं रस्ता आला नाही, तेव्हा म्हटलं खुणा बघू, आणि वर बघितलं. अख्ख्या बागेत एक पान न फाटलेलं नव्हतं. थंडीतला वारा बठ्ठी, म्हणजे सगळीच पानं फाडतो हे तापीकाठच्या शेंबड्या पोरालाही माहीत असेल. मी धुळ्याचा. आमच्याकडे शेत म्हणजे कापूस न् बाजरी, कमरेइतकं पीक, उभं राहिलं की सोनगीरचा किल्ला दिसतो. मी लोकांच्या तोंडाला पानं पुसण्यात आयुष्य घातलं आणि केळीच्या एका पानावरून फसलो.

मग ठिबकच्या नळ्या. काळी नळी ओळीनं जमिनीवर पसरलेली असते. ती कुठंतरी विहिरीला लागत असणार इतकी अक्कल होती. एक नळी धरली आणि तिच्यासोबत चालत राहिलो, वाकून, कमरेला कळ लागेपर्यंत. नळी संपली. तिचं टोक दुमडून सुतळीनं बांधलेलं होतं. बस. एवढंच. इतका वेळ एखाद्या माणसाचं ऐकून घ्यावं आणि शेवटी त्यानं तोंड मिटून घ्यावं तसं. मला इतका राग आला की मी त्या टोकाला लाथ मारली आणि बांध ओलांडून पलीकडे गेलो. म्हटलं, पलीकडे तरी वेगळं काही असेल. पलीकडे केळी होती. ज्ञानेश्वरभाऊनं शिरतानाच सांगितलं होतं, "भो, माझे आठच एकर हायेत, पण पुढं भावकीचे वीस, त्याच्यापुढं दुसऱ्याचे. मधी कुंपण नाही, नुसता बांध. आमचे मजूर बी चुकता कधी कधी." मी म्हणालो होतो, "मजुरांनी धुळं पाहिलेलं नसतं." सगळे हसले होते. विनोद करताना मला फार बरं वाटतं. तो परत माझ्या अंगावर येतो तेव्हा तोच विनोद फार पाणचट लागतो.

सुरुवातीला त्यांचा आवाज येत होता. कोणीतरी गाणी लावली होती. तुरकाट्यांवर, तुरीच्या वाळल्या काड्यांवर, वांगी भाजल्याचा धूर नाकाला येत होता, सगळीकडून सारखाच. लाकडी बडगीत भरीत कुटल्याचा धप्‌ धप्‌ आवाजही आला, म्हणजे माझी वेळ भरत आली होती. तेव्हा पैज गेली तर गेली म्हणून मी हाक मारली. "नाना! ओ नाना! इकडे या रे कोणीतरी!" गाणं बंद झालं. हसणं ऐकू आलं. नानाचा आवाज स्पष्ट आला, "आवाज बघा, किती खरा काढला. कलाकार आहे तो." मी ओरडलो, "नाना, आईशप्पथ खरंच!" त्यावर अजून जोरात हसले. आणि का हसू नयेत? गेल्या वर्षी पिंपळनेरकडे हुरड्याला गेलो होतो तेव्हा मी साप चावला म्हणून पाय धरून आडवा पडलो होतो. त्या लोकांनी मला जीपमध्ये घातलं, नानानं स्वतःचा रुमाल माझ्या पिंडरीला बांधला, एक बाई नवस बोलली. साक्रीच्या अलीकडे टपरी दिसली तशी मी उठून म्हणालो, "इथं चहा चांगला मिळतो." नाना तीन महिने बोलला नव्हता. आता तोच नाना माझ्या आवाजाला दाद देत होता. मग कोकिळाचा आवाज आला. मोठ्यानं बोलत नव्हती, पण तिचा आवाज मला गर्दीतही कळतो. ती आमच्या अहिराणीत म्हणाली, "राहू द्या. त्यासले धुंडं ते आखो दपतीन. भूक लागनी का येतीन." म्हणजे मला शोधायला गेलं की मी अजून लपतो, भूक लागली की येईन. गाणं परत सुरू झालं.

आवाजाच्या दिशेनं चालत गेलो तर आवाज मागून यायला लागला. वळलो तर कमी झाला. मग बंदच. जेवत असतील. मला त्यांची पंगत दिसत होती, कळण्याच्या पुऱ्या, केळीच्या पानावर भरीत, वर कांद्याची पात, आणि नाना मिशीला तेल लागू नये म्हणून तोंड लांब करून खातोय. मी भुकेला, तहानेला, चिखलात चप्पल अडकलेला. घड डोक्याला लागतात, निळी पिशवी तोंडाला घासते, वरून पानाच्या कडेनं गोळा झालेलं पाणी बरोबर मानेत पडतं. आणि सगळ्यात वैताग म्हणजे शांतता. केळीत आवाज राहत नाही. आपण बोललो तर तो जवळच्या चार झाडांत विरून जातो.

हरवल्यावर काय करायचं याचे मोबाइलवर व्हिडिओ असतात. एक दाढीवाला माणूस सांगतो, थांबा, खाली बसा, विचार करा. मला हसू यायचं. हरवलेल्या माणसाला बस म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पी म्हणण्यासारखं. पाय ऐकत नाहीत. पायांना वाटतं अजून दहा झाडं, अजून दहा. मी असे दहा दहा करत किती चाललो कोण जाणे. एका ठिकाणी चिखलात चपलेचा ठसा दिसला. जीव भांड्यात पडला, म्हटलं मजूर आहे कोणीतरी जवळ. ठशाशेजारी माझी चप्पल ठेवून बघितली. माझाच होता. तिथं मी बसलो. विचार करायला नाही, पाय गेले म्हणून.

आणि बसल्यावर कळलं की हे थांबा, बसा मी आधीही कोणाला तरी सांगितलेलं आहे. अगदी दाढीवाल्यासारखं, शहाणपणानं. चोवीस वर्षांपूर्वी, सोनगीरच्या किल्ल्यावर. लग्नाला दोन महिने झाले होते. कोकिळा चोपड्याकडची, किल्ला बघितलेला नव्हता. चढताना मी तिला म्हणालो, "इथं माणूस चुकतो बरं का. चुकलीस तर जिथं आहेस तिथंच बसायचं. हलायचं नाही. मी शोधत येतो." ती मान हलवून हो म्हणाली. आणि वर पोचल्यावर ती विहिरीत वाकून बघत होती तेवढ्यात मी सटकलो, एका पडक्या भिंतीमागे जाऊन बसलो. पाच मिनिटांची गंमत. तिनं इकडे तिकडे बघितलं, दोनदा "अहो" म्हणाली, आणि सांगितल्याप्रमाणे एका दगडावर बसली. मला वाटलं आता रडेल. आता उठेल, घाबरेल, ओरडेल, मग मी भॉक करून बाहेर येईन. ती रडली नाही. पदर डोक्यावर घेऊन नुसती बसली. पाच मिनिटांची दहा झाली, अर्धा तास झाला. प्रत्येक मिनिटाला बाहेर येणं अवघड होत गेलं, कारण गंमत केव्हाच संपली होती आणि आता बाहेर आलो तर काय म्हणून यायचं हेच सुचेना. मी भिंतीच्या भोकातून तिच्याकडे बघत होतो. एवढा वेळ मी तिच्याकडे त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. उन्हं उतरली तेव्हा मी बाटलीतलं पाणी तोंडाला, शर्टाला लावलं, घाम आल्यासारखं, आणि धापा टाकत पुढं आलो. "कुठं होतीस तू! सगळा किल्ला पालथा घातला!" ती उठली, पदरानं माझं तोंड पुसलं, आणि काही बोलली नाही. मला वाटलं, जमलं. त्यानंतर तिनं मला कधी शोधलं नाही. दुकानात उशीर झाला, फोन नाही, माणूस पाठवणं नाही. बाजारात चुकामूक झाली तर ती सरळ रिक्षा करून घरी. लोक म्हणायचे, तुझी बायको बरी, कटकट नाही. मीही तसंच म्हणायचो.

तर त्या चिखलात, माझ्याच ठशाशेजारी बसून, मी मोठ्यानं बोलायला लागलो. कोण ऐकतंय? चार केळी. आधी नानाला शिव्या दिल्या, मग ज्ञानेश्वरभाऊच्या भावकीला, मग पाच बाय पाच ज्यानं शोधून काढलं त्याला. मग म्हणालो, "कोकिळे, ये ना गं आता. मी नाही लपलो. खरंच नाही लपलो." हे ऐकून मलाच लाज वाटली, इतकं ते खोटं वाटत होतं. खरं बोलताना माझा आवाज कसा लागतो हेच मला माहीत नव्हतं. परत म्हणून बघितलं. परत खोटं. मग जरा चिडूनच म्हणालो, "सोनगीरला लपलो होतो. तिथं भिंतीमागे होतो मी. तीन तास. बघत होतो तुझ्याकडे. शोधत बिधत नव्हतो." हे मात्र खरं वाटलं. भुकेनं का कशानं, डोळ्यांत पाणी आलं. ते मी चिकानं काळ्या झालेल्या हातानंच पुसलं. तोंडाची काय दशा झाली असेल ते देव जाणे.

कुठंतरी कट्ट असा आवाज झाला. बारीक. मग पुन्हा. कट्ट. मी म्हटलं उंदीर असेल, नाहीतर साप, आणि या वेळेस खरा. "कोण?" म्हणालो. कट्ट. मी हळूच उठलो. दोन ओळी सोडून, तिसऱ्या ओळीत, एका बुंध्याला पाठ टेकून, वाळलेल्या पानांवर नीट बैठक मारून कोकिळा बसली होती. ओटीत भाजलेल्या शेंगा. समोर फोलपटांचा ढीग. एक शेंग तिनं दोन बोटांत धरून फोडली. कट्ट.

माझं डोकंच फिरलं. "कधीपासून बसलीस?"

"आले तशी."

"म्हणजे कधी?"

तिनं फोलपटांकडे बघितलं. "मूठभर झाल्या. दीड मूठ."

"आणि हाक मारायला काय झालं? मी इथं मरतोय! दुपारपासून! घसा बसला माझा! तू शेंगा खातेस?"

"तुम्ही बोलत होता ना," ती म्हणाली. "मध्ये कसं बोलू."

मी दोन ओळी ओलांडून तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. हातवारे करत होतो बहुतेक, कारण एक निळी पिशवी माझ्या हातात अडकून फाटली. तिनं मला शेंगा पुढं केल्या. मी घेतल्या. राग असला तरी भूक असतेच. खाता खाता विचारलं, "तू कशी आलीस इथपर्यंत? तू नाही हरवलीस?"

"आमच्याकडे केळीच होत्या. वर काय बघता, खाली बघायचं. चिखलात तुमचे ठसे होते. परत जायला नळी धरायची."

"धरली होती! टोक आलं! बांधलेलं होतं!"

"मग माघारी फिरायचं ना. टोक आलं म्हणजे विहीर मागे राहिली." ती हे इतक्या साधेपणानं म्हणाली की मला त्या टोकाला पुन्हा लाथ मारावीशी वाटली. टोकाला पोचून मी एकदाही माघारी फिरलो नव्हतो. रागानं पुढं गेलो होतो, बांध ओलांडून.

थोडा वेळ आम्ही शेंगा खाल्ल्या. मग मी, तिच्याकडे न बघता, घडाकडे बघत म्हणालो, "ऐकलंस तर तू सगळं."

"ऐकलं."

"सोनगीरचं."

"ते मला माहीत होतं."

"काय माहीत होतं? तुला कसं माहीत असेल? मी घामानं भिजून आलो होतो!"

"घामाला वास असतो," कोकिळा म्हणाली. "त्या दिवशी तुमचं तोंड पुसलं तर पदराला नुसतं पाणी लागलं."

मी चोवीस वर्षं फसवत होतो असं समजत होतो. लोकांना ही गोष्ट मी दुकानात सांगितलेलीसुद्धा आहे, मित्रांत, हसून, की बायको कशी तीन तास बसली आणि तिला अजून पत्ता नाही. आणि तिला बसल्या जागी, पहिल्या पदरालाच कळलं होतं. मला एकदम त्या सगळ्या वर्षांचा वैताग आला, तिचा नाही, माझा. "मग बोलली का नाहीस? एक शब्द? चोवीस वर्षं?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले," ती म्हणाली. ओटी झटकून उठली. "चला. भरीत संपलं असेल. नाना म्हणतो मी कान कापून देईन पण निंबा आत हरवलेला नाही, लपलेला आहे." आणि चालायला लागली. मी मागे. तिनं एकदाही मान वर केली नाही. आधी माझ्या ठशांवरून मागचा बांध, मग नळी, नळीला जोडलेली जाड नळी, मग त्याहून जाड पाइप, मग विहीर. पंधरा मिनिटं. विहिरीवर मला बघून सगळे उभे राहिले, आणि माझं काळं तोंड बघून इतके हसले की ज्ञानेश्वरभाऊला खोकला लागला. नानानं मिशीला पीळ दिला. "वहिनींनी आणलं? मग हरलास. एकट्यानं यायचं ठरलं होतं." मी म्हणालो, "हरलो, नाना." नाना माझ्याकडे संशयानं बघत राहिला. त्याला वाटलं यातही काहीतरी आहे.

बुधवारी आमच्या गल्लीला पाणी आलं. सकाळी सगळे बाहेर, बादल्या, ड्रम, पाइप, मोटारींचा आवाज. नानानं तेवढ्यासाठी कंडक्टरची जुनी शिट्टी शोधून काढली होती. डिंपल गच्चीवरून शूटिंग करत होती. पलीकडच्या गल्लीतली माणसंही आली, कारण निंबा फ्लेक्सवाला हरला ही बातमी होती. मी चौकात उभा राहिलो, हात फिरवून उलटे कान धरले. चिकाचे डाग अजून बोटांवर होते, ते जात नाहीत. नानानं शिट्टी वाजवली. "एक!" लोकांनी मोजलं. "दोन!" पाचव्याला गुडघा कडकडला, तो आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला, टाळ्या पडल्या. सातव्याला मी विनोद म्हणून पडायचं नाटक करणार होतो. अगदी तोंडावर आलं होतं. नाही केलं. आठ. नऊ. "दहा!" नानानं लांब शिट्टी मारली, मिशी हातात धरून सगळ्यांना दाखवली, लोक ओरडले, मी कान सोडले.

"अकरा," कोकिळा म्हणाली.

ती आमच्या नळापाशी उभी होती, हातात पाइप. मोठ्यानं बोलली नव्हती, पण सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. नाना हसत म्हणाला, "वहिनी, दहाच ठरल्या होत्या."

"तुमच्या दहा झाल्या, नाना," ती म्हणाली. "आता माझ्या."

कोणीतरी हसलं, पण पुढं कोणी हसलं नाही. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. ती माझ्याकडे नीट बघत होती, सबंध. मी पुन्हा कान धरले आणि बसलो. उठलो. "बारा," ती म्हणाली. नानानं शिट्टी खिशात घातली. चौदाव्याला लोक आपापल्या बादल्यांकडे बघायला लागले, डिंपलनं मोबाइल खाली केला. सोळाव्याला माझ्या मांड्या थरथरत होत्या, घाम मानेवरून पाठीत उतरत होता, खारट, वास मारणारा. मागे आमचा ड्रम भरून पाणी रस्त्यावर चाललं होतं. ती तिकडे बघत नव्हती. "सतरा," ती म्हणाली, आणि मी खाली बसलो.